अणूच्या वर्गाचा पट



शाळा भरली की पहिलं काम कोणतं? आधी प्रार्थना आणि मग हजेरी. हजेरीपुस्तकात जेवढी नावं, तेवढा शाळेचा ‘पट’. तुम्हाला वाटतं, गुरुजी नुसती नावं पुकारतात. पण आम्हा शिक्षकांचा जीव त्या पटात अडकलेला असतो, बरं का! त्यातून आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारखी डोंगरातली गावं असली तर विचारूच नका. चार महिने धो धो पाऊस, डोंगरउतारावर भात आणि नाचणी, आणि तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून माणसं मुंबई-पुण्याची वाट धरतात. त्यांच्यामागून मुलंही जातात. पट उतरतो. पट उतरला की शिक्षक कमी होतात आणि शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही विचारात पडतात.

आज मी तुम्हाला अशाच एका पटाची गोष्ट सांगणार आहे. पण हा पट गावातल्या शाळेचा नाही. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत एक वर्ग भरतो, त्या वर्गाचं नाव अणु-अभियांत्रिकी. या वर्गाचा पट गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कधी दुथडी भरून वाहिला, तर कधी अगदी आटून गेला. एकदा तर एका नामांकित संस्थेत तो चक्क शून्यावर आला!

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, कुडपण कुठे आणि अणुभट्टी कुठे! आम्हाला त्याचं काय?” आहे, बाळांनो, तुमचा संबंध आहे. तो शेवटी सांगतो. आधी हा वर्ग शिकवतो काय ते पाहू.

अणु-अभियंता करतो तरी काय?

विज्ञानाच्या पुस्तकातलं अणूचं चित्र आठवा. मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. युरेनियम नावाचा एक जड धातू आहे. त्याच्या युरेनियम-२३५ या प्रकाराच्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते केंद्रक फुटतं. फुटताना खूप उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते शेजारच्या केंद्रकांना फोडतात. त्यातून आणखी न्यूट्रॉन, आणखी फूट. ही साखळी मोकाट सोडली तर बॉम्ब होतो आणि लगाम घालून चालवली तर अणुभट्टी होते. भट्टीतल्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनने वीज तयार करायची.

यात ताकद किती असेल? एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर त्यातून अडीच-तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते. दहा टन माल नेणारे अडीचशे-तीनशे ट्रक एकामागे एक उभे करा, म्हणजे कल्पना येईल.

आता या ताकदीला लगाम घालायचा म्हणजे काय काय आलं? न्यूट्रॉनांचा हिशेब आला. उष्णता सतत वाहून नेणारे पंप आणि पाइप आले. वर्षानुवर्षं तापूनही तडकणार नाही असा धातू आला. किरणोत्सर्ग बाहेर पडू नये म्हणून जाड भिंती आल्या. आणि वापरून झालेलं इंधन पुढे दीर्घ काळ सांभाळून ठेवणं आलं. भट्टी बंद केल्यावरही तिची उष्णता लगेच थांबत नाही, म्हणून पाणी फिरवत राहावं लागतं. चुलीतला जाळ विझवला तरी निखारे धगधगत राहतात ना, तसंच काहीसं. हे सगळं ज्याला नीट कळतं, तो अणु-अभियंता.

अणूचं काम विजेपुरतंच नसतं. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचा वापर होतो. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर किरणांचा मारा करणारं केंद्र आहे. ‘टीएजी-२४’ हे भुईमुगाचं वाण शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. तेसुद्धा मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालं. आहे की नाही गंमत!

भरती आणि ओहोटी

आता पटाकडे वळू. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं. हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली होती. पण हीच शक्ती घरात दिवा लावू शकेल, अशी आशाही लोकांना वाटू लागली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाने १९५० मध्ये या विषयाचा वर्ग सुरू केला आणि १९५३ मध्ये तर आपल्या आवारात विद्यार्थ्यांसाठी छोटी अणुभट्टीच उभारली. इंग्लंडमध्ये १९५६ साली काल्डर हॉलचं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी बर्मिंगहॅम विद्यापीठात अणुभट्ट्यांचा अभ्यासक्रम निघाला. हुशार मुलं या वर्गात शिरण्यासाठी धडपडू लागली. ही पहिली भरती.

मग २८ मार्च १९७९ उजाडला. अमेरिकेत थ्री माइल आयलंड या केंद्रातल्या एका भट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला. पुढे २६ एप्रिल १९८६ रोजी, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल इथे स्फोट झाला. हा अणुवीज केंद्रांच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात. किरणोत्सर्गी धूळ दूरदूरच्या देशांपर्यंत पोचली. लोक घाबरले. नव्या भट्ट्यांची कामं रद्द झाली. घरोघरी आईवडील मुलांना सांगू लागले, “त्या वाटेला जाऊ नकोस, त्यात काही राम नाही.” पट घसरू लागला. काही विद्यापीठांनी तो विभाग बंद केला, काहींनी दुसऱ्या विभागात मिसळून टाकला.

तो किती घसरावा? २००१ साली अख्ख्या अमेरिकेत या विषयाची पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी होते सुमारे १२०. म्हणजे दोन-तीन वर्गांत मावतील एवढेच! आणि अमेरिकेत अणुभट्ट्या होत्या शंभराहून जास्त. ब्रिटनमध्ये २००२ च्या सुमारास या विषयाचा एकही पदवी अभ्यासक्रम उरला नव्हता. बर्मिंगहॅमचा तो पदवीनंतरचा जुना वर्ग तेवढा तग धरून होता.

मग वारं फिरलं. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापते आहे, हे लोकांना पटायला लागलं. अणुवीज तयार होताना तसा धूर निघत नाही. अमेरिकेत नव्या भट्ट्यांची भाषा सुरू झाली आणि पट वर चढला. २००८ साली पदवीधरांची संख्या साडेचारशेवर गेली. सात वर्षांत जवळजवळ चौपट!

आणि तेवढ्यात ११ मार्च २०११ रोजी जपानला भूकंपाचा प्रचंड हादरा बसला. पाठोपाठ त्सुनामीची लाट आली. फुकुशिमाच्या केंद्रातली वीज गेली, पंप थांबले. मघाशी निखाऱ्यांचं सांगितलं ना? तेच झालं. बंद केलेल्या भट्ट्याही आतल्या आत तापत राहिल्या आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. जपानमध्ये अणुउद्योगातल्या नोकऱ्यांची माहिती देणारा मेळावा दरवर्षी भरतो. अपघाताच्या आधीच्या हंगामात तिथे एकोणीसशेच्या आसपास विद्यार्थी आले होते. नंतरच्या हंगामात पाचशेसुद्धा आले नाहीत.

शून्याची गोष्ट दक्षिण कोरियातली. तिथे २०१७ साली नव्या सरकारने अणुवीज हळूहळू बंद करायचं ठरवलं. अपघात झाला नव्हता, फक्त धोरण बदललं होतं. तिथल्या ‘कायस्ट’ या नामांकित संस्थेत मुलं आधी सगळे विषय शिकतात आणि मग शाखा निवडतात. त्या वर्षी शाखा निवडणाऱ्या एका तुकडीतल्या एकानेही अणु-अभियांत्रिकीवर खूण केली नाही. एकानेही नाही! पुढे २०२२ मध्ये सरकार बदललं आणि धोरणही उलटं फिरलं. पण त्या रिकाम्या बाकांवरचे विद्यार्थी आता कुठून आणायचे?

कांद्याचं गणित

घाटावरच्या शेतकऱ्यांचं एक दुखणं तुम्ही ऐकलं असेल. एखाद्या वर्षी कांद्याला चांगला भाव मिळतो. पुढच्या वर्षी जो तो कांदाच लावतो. बाजारात ढीग पडतो आणि भाव कोसळतो. मग सगळे कांदा सोडतात. त्याच्या पुढच्या वर्षी कांदाच नसतो आणि भाव पुन्हा आकाशाला भिडतो! आजचा भाव बघून लावलेलं पीक हातात येतं चार महिन्यांनी. घोळ होतो तो इथेच.

शिक्षणाचं पीक तर चार महिन्यांत येत नाही. आज आठवीत असलेल्या मुलाला अभियंता व्हायला आठ-नऊ वर्षं लागतात. वरचं प्रशिक्षण धरलं तर दहा. अणुभट्टीला तर त्याहून जास्त वेळ लागतो. गुजरातमध्ये काक्रापार इथल्या तिसऱ्या भट्टीचं बांधकाम २०१० च्या अखेरीस सुरू झालं आणि ती रीतसर वीज विकू लागली २०२३ मध्ये. एकदा सुरू झाली की भट्टी चाळीस-पन्नास वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ चालते. म्हणजे वर्तमानपत्रातला मथळा एका दिवसाचा, सरकार पाच वर्षांचं आणि भट्टीचं आयुष्य पन्नास वर्षांचं! पट मात्र वर-खाली होतो तो मथळ्याकडे बघून.

ब्रिटनचंच बघा. १९९५ मध्ये साइझवेल बी हे केंद्र सुरू झालं आणि मग नवीन काम थांबलं. २०१८ मध्ये हिंकली पॉइंट इथे नव्या भट्टीच्या बांधकामाला सुरुवात झाली, तेव्हा मधल्या वीसहून जास्त वर्षांत जाणती माणसं निवृत्त झाली होती. गावातला जुना गवंडी गेला आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकलंच नसेल, तर पुढचं घर बांधायला माणूस शोधत फिरावं लागतं. तसंच हे.

तुम्ही म्हणाल, “ज्या देशाला अणुवीज नकोच असेल, त्याने कशाला मुलं शिकवायची?” प्रश्न रास्त आहे. जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. पण भट्टी म्हणजे काही दुकान नाही, शटर ओढलं आणि निघालो घरी! ती उकलायची, किरणोत्सर्गी भाग वेगळे करायचे, वापरलेलं इंधन सांभाळायचं. हे काम कित्येक वर्षं चालतं आणि त्यालाही जाणकारच लागतात. म्हणजे अणुवीज हवी म्हणणाऱ्यालाही हा वर्ग लागतो आणि नको म्हणणाऱ्यालाही लागतो.

आपल्याकडे काय झालं?

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात एका माणसाच्या दूरदृष्टीने झाली. डॉ. होमी भाभा. वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते केंब्रिजला यंत्र-अभियांत्रिकी शिकले आणि मग स्वतःच्या ओढीने भौतिकशास्त्राकडे वळले. १९४४ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्याही आधी, त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा होता की, पुढे अणुशक्तीपासून वीज होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघायची वेळ येता कामा नये, ते आपल्याकडेच तयार असावेत. लक्षात घ्या, तेव्हा जगात कुठेही अणुवीज केंद्र नव्हतं!

१९५६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत ट्रॉम्बेला, म्हणजे जुन्या तुर्भे गावाजवळ, ‘अप्सरा’ ही आशियातल्या अगदी पहिल्या भट्ट्यांपैकी एक सुरू झाली. आणि लगेच १९५७ मध्ये भाभांनी तिथे काय सुरू केलं असेल? शाळा! हो, तिचं नावच ‘ट्रेनिंग स्कूल’. आपल्याच रायगड जिल्ह्यातली घारापुरीची लेणी पाहायला बोटीने गेलात, तर पलीकडच्या किनाऱ्यावर ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी भट्ट्यांचे घुमट दिसतात.

या शाळेची रीत निराळी. तिथे अणु-अभियांत्रिकीचीच पदवी आणा, असा हट्ट नाही. यंत्र, विद्युत, रसायन, धातुशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स अशा कुठल्याही शाखेचा चांगला अभियंता चालतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेलाही चालतो. परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडायची, वर्षभर कसून शिकवायचं आणि कामाला लावायचं. शिकत असताना फी द्यायची नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं.

जगात पट वर-खाली होत असताना आपल्याकडे ही शाळा भरतच राहिली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशांनी मदत आखडती घेतली. चेर्नोबिल झालं, फुकुशिमा झालं. आजवर साठाहून जास्त तुकड्या या शाळेतून बाहेर पडल्या आहेत. तुकडी दरवर्षी घ्यायची, म्हणजे जुनी माणसं निवृत्त होईपर्यंत नवी तयार असतात. मथळ्यांच्या मागे धावायचं नाही, हे शहाणपण यात आहे.

म्हणून आपल्याकडे या विषयाचा पट मोजायचा तर नुसते पदवीचे वर्ग मोजून चालत नाही. बी.टेक. पदवीवर ‘अणु-अभियांत्रिकी’ असं लिहून देणारी महाविद्यालयं देशात अगदी मोजकी आहेत. कानपूरच्या आयआयटीत वरच्या पदवीचा जुना अभ्यासक्रम आहे. तेवढंच बघणारा म्हणेल, “अरेरे, भारतात हा विषय कोणी शिकतच नाही!”

खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे. ट्रॉम्बेच्या शाळेत येणारी मुलं ज्या वर्गांतून येतात, त्या वर्गांचं काय? नव्वदच्या दशकात संगणकाची लाट आली. जो तो सॉफ्टवेअरकडे धावला. पुढे आपल्या महाराष्ट्रात अशीही वर्षं आली की यंत्र आणि स्थापत्य शाखांच्या कितीतरी जागा रिकाम्या राहिल्या आणि संगणकाच्या वर्गात मात्र शिरायला जागा नाही. संगणक वाईट नाही, मुळीच नाही. भट्टीतही तो लागतो. पण धातू, वाफ आणि पंप समजणारी मुलंच कमी झाली, तर ट्रॉम्बेच्या शाळेने निवडायचं कोणातून?

हे ओळखून मधल्या काळात नव्या वाटाही काढल्या गेल्या. २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ झालं. २००७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात बारावीनंतर थेट पाच वर्षांचं मूलभूत विज्ञान शिकवणारं केंद्र सुरू झालं आणि त्याच सुमारास भुवनेश्वरला ‘नायसर’ ही तशीच संस्था निघाली.

मोठ्या साहेबांच्या पदव्या

अजून खात्री पटत नसेल तर अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांच्या पदव्या बघा. हे या क्षेत्रातलं देशातलं सर्वांत मोठं पद. होमी सेठना रसायन-अभियंता होते. एम. आर. श्रीनिवासन यंत्र-अभियंता. श्रीकुमार बॅनर्जी धातुशास्त्राचे. राजा रामण्णा, राजगोपाल चिदंबरम भौतिकशास्त्राचे. आणि आपल्या मराठी मुलुखाला जवळचं नाव म्हणजे डॉ. अनिल काकोडकर. जन्म १९४३ चा, मध्य प्रदेशातल्या बडवानीचा. मुंबईला रुपारेल महाविद्यालयात आणि मग माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये ते यंत्र-अभियांत्रिकी शिकले, ट्रॉम्बेच्या ट्रेनिंग स्कूलमधून १९६४ मध्ये कामाला लागले आणि २००० ते २००९ या काळात आयोगाचे अध्यक्ष होते. पुढचे एक अध्यक्ष शेखर बसू, तेही व्हीजेटीआयचेच यंत्र-अभियंते.

आता ‘व्हीजेटीआय’ म्हणजे काय ठाऊक आहे? पूर्वी ते व्हिक्टोरिया राणीचं नाव होतं. १९९७ पासून ती ‘वीरमाता जिजाबाई’ यांच्या नावाची संस्था आहे. आणि जिजाऊंची समाधी कुठे आहे? आपल्या शेजारच्या महाड तालुक्यात, रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला!

मग कोकणातला वाद?

मोठ्या मुलांना हा प्रश्न पडला असेल. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यात जैतापूरला सहा मोठ्या भट्ट्यांचं केंद्र उभारायचं ठरलं. तिथल्या मच्छीमारांनी आणि आंबा-बागायतदारांनी विरोध केला. समुद्राचं पाणी तापलं तर मासळीचं काय? जमिनीचं काय? भूकंप झाला तर? २०११ च्या एप्रिलमध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीवही गेला. तिथे भट्ट्यांचं बांधकाम अजून सुरू झालेलं नाही. दुसरीकडे पालघर जिल्ह्यातलं तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. ते देशातलं पहिलं अणुवीज केंद्र.

कोण बरोबर, कोण चूक, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मोठे झालात की तुम्हीच ठरवा. पण ठरवायला काय लागतं? ज्ञान लागतं. पाणी किती अंश तापेल, हे मोजून सांगणारं माणूस आपल्या गावातलं असेल तर त्याच्यावर गावाचा विश्वास बसतो. देशातल्या भट्ट्यांवर देखरेख ठेवायला १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. “इथे चूक आहे, थांबवा,” असं सांगणं हेसुद्धा त्या मंडळाचं काम. तिथेही हीच शिकलेली माणसं लागतात. वर्ग रिकामा राहिला तर भट्टी चालवणारेही कमी आणि तिला जाब विचारणारेही कमी!

कुडपणहून ट्रॉम्बेची वाट

आता तुमचा संबंध सांगतो. सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “गुरुजी, अणूचं कॉलेज कुठे असतं?” तिला वाटत होतं, ते कुठेतरी परदेशात असणार आणि तिथे लाखो रुपये लागणार. डोंगरातल्या मुलांचं असंच होतं. वाट नसते असं नाही, वाट माहीत नसते. दहावी झाली की पुढचं शिक्षण लांब, एसटीची वेळ जुळत नाही, मग मुलगा मुंबईला कामाला जातो आणि मुलगी घरी बसते. म्हणून ही वाट नीट वाचा, आणि आईबाबांनाही वाचून दाखवा.

पहिली वाट. दहावीनंतर आयटीआय. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट असा ट्रेड चांगल्या गुणांनी पूर्ण केला की भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुवीज महामंडळ यांच्या प्रशिक्षणार्थींच्या जाहिराती निघतात तेव्हा अर्ज करता येतो. बारावी विज्ञान झालेल्यांसाठीही त्यात जागा असतात. शिकताना विद्यावेतन मिळतं.

दुसरी वाट. तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा बी.एस्सी. त्यांच्यासाठी वरच्या दर्जाचं प्रशिक्षण असतं.

तिसरी वाट. बारावी विज्ञान, मग अभियांत्रिकी. त्यासाठी फार लांबही जायला नको. मुंबई-गोवा महामार्गावर, महाडच्या पलीकडे माणगाव तालुक्यात लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेलं. तिथे यंत्र, विद्युत, रसायन अशा शाखा आहेत. पदवीनंतर ‘गेट’ ही परीक्षा किंवा ट्रेनिंग स्कूलची स्वतःची परीक्षा द्यायची, मग मुलाखत. बस्स!

आणि तुमच्यातल्या कोणाचे दादा-काका महाडच्या एमआयडीसीत कामाला असतील, तर त्यांना विचारा. रसायनाच्या कारखान्यातले पंप, व्हॉल्व्ह, उष्णता इकडून तिकडे नेणारी यंत्रं त्यांनी पाहिलेली असतात. अणुवीज केंद्राचा बराच मोठा भाग याच कुटुंबातला असतो. फरक एवढाच की तिथे चुकीला जागा फार थोडी.

आत्ता वारं कुठल्या दिशेचं आहे? पुन्हा भरतीचं. २०२३ च्या अखेरीस दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी २०५० पर्यंत जगातली अणुवीज तिप्पट करायचं ठरवलं. भारत सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुविजेचं उद्दिष्ट जाहीर केलं. छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी रुपयांची योजनाही मांडली. त्या वेळी देशात आठ हजार मेगावॉटच्या थोडं वर एवढीच क्षमता होती. आज तेरा वर्षांचं असलेलं मूल २०४७ साली पस्तिशीच्या आसपास असेल, ऐन कामाच्या वयात!

पण मित्रांनो, एवढं ऐकून लगेच कांदा लावायला धावू नका. मधे पुन्हा एखादी ओहोटी येईल, कोण जाणे. तेव्हा भाव बघून नाही, आवड बघून ठरवा. आकड्यांशी खेळायला आवडतं का? सायकलची चेन उतरली तर स्वतः बसवून बघता का? ‘असं का होतं?’ हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही का? मग गणित आणि विज्ञान पक्कं करा. भरती असो की ओहोटी, ज्याचा पाया पक्का, त्याला कुठल्या तरी वर्गाच्या पटावर जागा मिळतेच. आणि भट्टीत नाही गेलात, तरी तेच गणित दवाखान्यात, शेतात, कारखान्यात कामाला येतं.

करून पाहा

या आठवड्यात एक उद्योग करा. आपल्या मुख्याध्यापकांना विचारून शाळेचा गेल्या दहा वर्षांचा पट वहीत उतरवून घ्या. आलेख-कागदावर आडव्या रेषेवर वर्षं आणि उभ्या रेषेवर मुलांची संख्या मांडा. ठिपके जोडा. मग जिथे रेषा खाली गेली असेल तिथे गावातल्या मोठ्या माणसांना विचारा, “त्या वर्षी काय झालं होतं?” दरड कोसळली होती का? कोणाची कामं गेली का? जिथे वर गेली असेल तिथेही विचारा. मिळालेलं कारण त्या ठिपक्याखाली बारीक अक्षरात लिहा. आणि तो आलेख वर्गाच्या भिंतीवर लावायला विसरू नका!